चिचघाट मतदारसंघाचा सावकार

भोंगा वाजला की मला धानाचा वास येतो. आता वीजकेंद्राच्या या वसाहतीत, ऊर्जानगरात, धान कुठून यायचं? इथं खिडकीची पट्टी सकाळी पुसावी आणि दुपारी पुन्हा तिच्यावर बोटानं नाव लिहावं, इतकी राख. वास यायचाच तर कोळशाचा यावा. पण परवा आमच्या क्वार्टरच्या मागून प्रचाराचा ऑटो गेला, त्याच्यावरचा भोंगा नेहमीसारखा अर्धं गिळत आणि अर्धं ओरडत होता, आणि गॅससमोर उभी असताना मला ओल्या तणसाचा, नुकत्याच कापलेल्या हलक्या धानाचा वास आला. फोडणी करपली. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "लागली वाटते तुझी निवडणूक." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याला एवढं कळतं की या दिवसांत बायको कामाची नसते.

मी चिचघाट मतदारसंघातली. असं मी अजूनही म्हणते आणि समोरचा माणूस विचारात पडतो, कारण असा मतदारसंघ आता नाही. गाव आहे. गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला, तलावाच्या पाळीखाली आमचं चिचघाट जिथल्या तिथं आहे. बाजाराचं मैदान आहे, चिंचा आहेत, बौद्ध विहार आहे, गोंडांच्या गोटूलाकडं जाणारी पायवाट आहे. विधानसभेच्या मतदारसंघांची नव्यानं आखणी झाली तेव्हा माणसं मोजली, जुन्या रेघा पुसल्या, नव्या मारल्या. त्यात आमचे दोन तुकडे झाले आणि ते शेजारच्या दोन मतदारसंघांना जोडले गेले. चिचघाट एका तुकड्यात आलं. नाल्यापलीकडचा पिंपळटोला, जिथं आमच्या अर्ध्या गावाची सोयरीक आहे, तो दुसऱ्या तुकड्यात गेला.

धरणात गाव बुडालं तर निदान पाणी दाखवता येतं. तालुका मोडला तर तहसीलीची रिकामी इमारत तरी उरते, तिच्या पायऱ्यांवर बकऱ्या बसतात. मतदारसंघ गेल्यावर दाखवायला काहीच राहत नाही. त्याला शीव नसते, शिवेवर दगड नसतो, त्याचा कुणी देव नसतो. काही वर्षांनी एकदा येणारा एक मोसम, एवढाच त्याचा देह. तो मोसम आता येतो, पण आमच्या नावानं येत नाही. आणि याचं वाईट वाटतं असं कुणाला सांगावं, तर लोक हसतात. आमदाराच्या जागेसाठी कुणी रडतं का? मी रडले आहे.

आमच्या मतदारसंघाचा इतिहास कुठं लिहिलेला मला सापडला नाही. मोठेबाबांनी सांगितला तेवढाच मला माहीत. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, दौलत त्यांचं नाव. सगळा मुलूख त्यांना दौलतभाऊ म्हणे. खळ्यावर मळणी चाललेली असायची, बैल गोल फिरत असायचे, आणि मोठेबाबा हातातली काठी भालदारासारखी धरून इतिहास सांगायचे. "पैला आमदार बंडीवर आला. मुक्कामाले राह्यला, आपल्यासारखा भात खाल्ला. मंग जीपवाला आला, तो पानी पिऊन गेला. मंग दहा गाड्यांवाला आला, त्यानं काच खाली केली. अन् शेवटी हेलिकॉप्टरवाला. सारं रान जमा झालं पाह्याले. त्यानं वरूनच हात हालवला." मग थांबून, सगळ्यांकडं एकदा बघून, शेवटचं वाक्य टाकायचे. "अन् यातला एकबी चिचघाटचा नोहता."

खळ्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मोठेबाबांना थांबायचं कुठं ते कळायचं. नटच होते ते.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागतो. गावची जत्रा, म्हणजे मंडई, भरते, बैलांच्या शर्यती, शंकरपट, होतात, आणि गावोगावी शामियाने पडतात. धान घरात आलेलं असतं, माणसं बैलबंड्या जोडून, आता मोटारसायकलींवर तिघं-तिघं बसून, नाटकाला जातात. शेतातली कामं संपवून मोठेबाबा त्या शामियान्यांत सावकार व्हायचे. वर्षानुवर्षं एकच भूमिका. नाटकं बदलायची, सावकार तोच. पांढरंशुभ्र धोतर, पितळेची साखळी, कपाळाला गंध, आणि एक हसू, जे ऐकून पुढच्या रांगेतली लेकरं आईच्या पोटात शिरायची. घरी पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्याखाली खुंटीला सावकाराचं धोतर. ज्यांच्या आजोबांना सावकाराच्या ओसरीवर कधी पाय ठेवता आला नाही, ते आमचे मोठेबाबा, सगळ्या मुलखाचे सावकार होते. या गोष्टीची त्यांना फार गंमत वाटायची. "आज्यानं सारं पाहून ठेवलं होतं, दुरून," म्हणायचे, "म्हणून मले बराबर जमते."

ढोलकीला कोतूभाऊ असायचा. गोंड, आमच्या शेताला शेत लागून, बोलायला अगदी कमी. दोघं लहानपणापासून बरोबर. सावकार स्टेजवर यायच्या आधी कोतूभाऊची ढोलकी यायची, आणि ती आली की बायका शिव्या द्यायला तयार होऊन बसायच्या. एकदा पिंपळटोल्यात एका म्हातारीनं चप्पल फेकली होती. ती चप्पल मोठेबाबांनी घरी आणून कितीतरी दिवस जपली. मोठीआईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शेवटी ती चुलीत घातली.

कुंदा ही मोठेबाबांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून थोडी मोठी. आम्ही एका ताटात जेवलो. धान कापताना शेतातल्या बांधीत तिला साप चावला. चिचघाटला दवाखान्याची इमारत तेव्हाही होती, गुलाबी रंगाची, दाराला कुलूप. ट्रॅक्टरवर घालून तिला गडचिरोलीला नेलं. ती वाटेतच गेली. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. त्या वर्षीही मोठेबाबांनी हंगाम केला, स्टेजवर हसले, आणि लोक म्हणाले यंदाचा सावकार आजवरचा सगळ्यात भयंकर.

मग निवडणूक आली, जी आमच्या मतदारसंघाची शेवटची ठरली. तेव्हा कुणाला कुठं माहीत. लवकर पिकणारं हलकं धान कापायला आलं होतं, भारी अजून हिरवं होतं. मी त्या वर्षी शिक्षिकेचा कोर्स संपवून घरी बसले होते. एका सकाळी मोठेबाबा जेवता जेवता मोठीआईला म्हणाले, "मी उभा राहून राह्यलो." मोठीआईला वाटलं, जेवणातून उठतायत. तिनं भात वाढायला पळी पुढं केली. "निवडनुकीत वो," ते म्हणाले. तिची पळी तशीच राहिली. मग तिनं विचारलं, "दवाखान्यासाठी?" ते म्हणाले, "हो." ती म्हणाली, "मंग राहा." घरात एवढीच चर्चा झाली.

अपक्ष उमेदवार, गाडी नाही, पैसा नाही. पण तो मोसम! माझ्या आयुष्यात तसा दुसरा आला नाही, आणि आता येणारही नाही. सकाळी शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, दव तुडवत निघायचो. मोठेबाबा पुढं, कोतूभाऊ ढोलकी गळ्यात अडकवून मागं, मी भाकरीचा डबा आणि पत्रकं घेऊन शेवटी. दोन्ही बाजूला पिवळ्या बांध्या, विळ्यांचा करकर आवाज, आणि बायका वाकलेल्या जागेवरून ओरडायच्या, "सावकार आला वो, सावकार आला!" मोठेबाबा तिथंच धुऱ्यावर उभे राहून ते हसू हसायचे आणि सगळी बांधी हसत सुटायची. कुणी आंबील द्यायचं, कुणी अंबाडी-झिंग्याची भाजी. कधी जंगलातून वाट असायची, तिथं झाडाला लाल अक्षरांतलं बहिष्काराचं पत्रक चिकटवलेलं दिसायचं, आणि आम्ही ते न वाचल्यासारखं करून पुढं जायचो. पानांना तेव्हा धुळीचा वास नसतो. पाऊस नुकताच गेलेला, ऊन अजून कोवळं. मला वाटायचं, हा मुलूख माझा आहे आणि तो एकच आहे.

आणि सभा. सभा म्हणजे बाजाराच्या दिवशी चिंचेखाली एक बंडी सोडलेली, तिच्यावर मोठेबाबा. कोतूभाऊची थाप पडली की भाजीवाल्याही दुकान टाकून यायच्या. "आधी हासा, भाऊ!" अशी मागणी. मग ते सावकाराचा एक प्रवेश करायचे, आणि तो संपला की त्याच आवाजात, पण हळू, बोलायचे. "आपल्या इथी दवाखान्याची इमारत हाये. तिले दार हाये. दाराले कुलूप हाये, कुलपाले किल्ली हाये. किल्ली माह्याजवळ असती तरी उपेग नाई, कारन अंदर डॉक्टर नाई." लोक हसायचे, मग एकदम गप्प व्हायचे, आणि कुणीतरी बाई डोळे पुसायची, कारण कुंदाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. गर्दी इतकी व्हायची की दहा गाड्यांवाल्यांची माणसं येऊन मोजून जायची. मोठ्या पक्षांचे लोक घरी चहाला येऊन गेले, उमेदवारी सोडून बसून घ्या म्हणाले. मोठेबाबा बसले नाहीत. बाबा घाबरून मला म्हणाले, "हा निवडून येते की काय?"

आमच्याकडं मतदान दुपारी तीनलाच संपतं. पोलीस, यंत्रं, माणसं, सगळं उजेडात जंगल ओलांडून परत न्यायचं असतं. त्या दिवशी तीननंतर सगळं गाव आमच्या अंगणात होतं. मोठीआईनं मोठ्या गंजात भात शिजवला. सगळे खात होते, सगळे म्हणत होते, "झालं, भाऊ, आपलं काम झालं." निकालाला मोठेबाबा, बाबा आणि कोतूभाऊ जिल्ह्याला गेले आणि परत आले तेव्हा कुणाला काही विचारावं लागलं नाही. नुसता पराभव नव्हता. डिपॉझिट गेलं होतं. मतं इतकी कमी, की ज्या गावांत गर्दीनं ती बंडी झाकून जायची तिथूनसुद्धा बोटावर मोजण्याइतकी.

कारण कळलं ते पिंपळटोल्याच्या म्हातारीकडून, तीच, चप्पलवाली. ती मुद्दाम चालत आली, दारात बसली आणि मोठेबाबांचा हात हातात घेऊन म्हणाली, "रागावू नको, बापा. आमी सारे बसलो, इचार केला. तू आमदार झाला तर मुंबईले जाशीन. आमदार तं कोनीबी होते. पन असा सावकार कोन करन?"

म्हणजे त्यांनी मत दिलं नाही ते प्रेमानं. पैसे घेऊन नाही, भिऊन नाही, जात बघून नाही. थोडंफार तेही असेल, मी भोळी नाही. पण टोल्याटोल्यांतून, खळ्याखळ्यांवर, माणसांनी बसून खरोखर असं ठरवलं होतं की दौलतभाऊ आपल्याला नाटकातच पाहिजे. इतकी गोड चूक दुसरीकडं कुठली माणसं करतील मला माहीत नाही. माझी तर तिच्यावर रागवायचीही सोय राहिली नाही. मोठेबाबा म्हातारीसमोर खूप हसले. ती गेल्यावर त्यांनी खुंटीवरचं धोतर काढलं, घडी केलं आणि मोठीआईला म्हणाले, "हे वापरून टाक." तिनं त्याची गोधडी शिवली.

ते पुन्हा स्टेजवर गेले नाहीत. त्यांचा हिशोब सरळ होता: सावकार दिसणंच बंद झालं की लोकांना नुसता दौलत दिसेल, आणि पुढच्या खेपेला त्याला मत देतील. कंपनीवाले येऊन विनवून गेले. मंडईच्या दिवसांत, लांबून शामियान्याचा आवाज यायचा तेव्हा, ते घरात बसून ओठ हलवत असायचे. मोठीआई म्हणायची, "जाऊन तं या, नुसते पाह्याले." जायचे नाहीत. उलट सकाळी उठून कोतूभाऊला घेऊन गावं फिरायचे. कुणाचं रेशन कार्ड, कुणाचा वनहक्काचा दावा, कुणाला दवाखान्यात पोचवायचं. सगळा मतदारसंघ त्यांनी पायी पालथा घातला. माझं लग्न त्याच काळात झालं आणि मी इकडं आले. माहेरी फोन केला की आधी विचारायचे, "मास्तरीन, तुयाकडचे काय म्हन्तेत? निवडनूक कधी?"

पुढच्या निवडणुकीच्या आधी नवी आखणी आली. जुना नकाशा आणि नवा नकाशा पेपरात शेजारी शेजारी छापून आले. मोठेबाबांनी आधी चिचघाट शोधलं. ते सापडेना तेव्हा चष्मा पुसला. नंतर कोणीतरी समजावून सांगितलं की दोन तुकडे झालेत, आणि दोन्ही मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव आहेत. म्हणजे मोठेबाबांना इथून आता उभंच राहता येणार नव्हतं, पुढच्या खेपेलाही नाही, कधीच नाही.

हरकती ऐकायला साहेब लोक येणार होते. मोठेबाबा कोतूभाऊला घेऊन गेले. मीही इकडून गेले होते, म्हणून हे पाहिलं. मोठा हॉल, पंखे, वकिलांची गर्दी. मोठेबाबांची पाळी आली. टेबलामागचे साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. त्यांनी विचारलं, "तुमचा आक्षेप कशाला आहे? आदिवासींना जागा मिळते त्याला?" मोठेबाबांनी शेजारी बघितलं. कोतूभाऊ उभा होता, दोन्ही हात ढोलकी नसल्यामुळं कुठं ठेवावेत ते न कळून. मोठेबाबा म्हणाले, "नाई जी. त्याइचा हक्क हाये." साहेब म्हणाले, "मग?" ज्या माणसानं हजार माणसांसमोर वाक्य कधी अडू दिलं नाही, त्याला पुढचं वाक्य सुचलं नाही. "आमचं गाव," एवढं म्हणाले. रांगेतल्या मागच्यानं आपला कागद पुढं केला.

परतीच्या बसमध्ये ते कोतूभाऊला म्हणाले, "तू उभा राह्य. भाषन मी करतो." कोतूभाऊ खिडकीबाहेर बघत होता. तसाच बघत म्हणाला, "मले वाजवता येते, भाऊ. बोलनं तुमचं." नंतरही मोठेबाबांनी त्याला कितीदा गळ घातली. तो दरवेळी हेच म्हणायचा. मागच्या उन्हाळ्यात कोतूभाऊ गेला.

मी कधी कधी स्वतःशी भांडते. एका मतदारसंघानं आम्हाला दिलं तरी काय होतं? दवाखान्याला कुलूप तेव्हाही होतं, आताही आहे. मधे एकदा रंग मात्र बदलला, गुलाबीचा पिवळा झाला. मग गेलं काय? गेलं ते एवढंच, की तेव्हा हरण्यासाठी तरी एक जागा होती. इतक्या गावांनी मिळून एका माणसाला हरवलं, प्रेमानं हरवलं, आणि त्याला वाटलं पुढच्या खेपेला जिंकू. आता आमच्या गावाचा आमदार दूरच्या गावचा असतो. आम्ही त्याच्या नकाशाच्या कोपऱ्यात असतो. पाणी प्यायलाही तो आमच्याकडं येत नाही. त्याला न येऊनही चालतं.

तर यंदा फोडणी करपली त्याच आठवड्यात मी शाळेतून रजा टाकून चिचघाटला गेले. बल्लारपूरच्या बाजूनं आले तर सगळीकडं झेंडे, गाड्या. आमच्याकडं सामसूम. कापून रचलेले भारी धानाचे पुंजणे बांध्यांत उभे होते. कापणीला आता यंत्र येतं, वाकलेल्या बायका फारशा दिसत नाहीत. मोठेबाबा अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते, गुडघ्यांवर ती पांढरी गोधडी. ऐंशी ओलांडली आहे. कान चांगले आहेत, डोकं तर आमच्यापेक्षा चांगलं.

मी गेले त्याच दुपारी मोटारसायकलवर दोन पोरं आली. पिंपळटोल्याची. म्हणाली, "आजोबा, उद्या आमच्या साहेबांची सभा हाये. मानसं येतेत अन् उठून जातेत. जुने लोक म्हन्तेत, दौलतभाऊ हासला तं सारा टोला येईन." मोठेबाबा नाही म्हणणार हे मला माहीत होतं. पण मोठीआई आतून आली आणि पोरांसमोरच म्हणाली, "जा न जी. दवाखान्याचं सांगून या." मी तिला समजावलं, मोठीआई, तो उमेदवार आपल्याकडचा नाही, नाल्यापलीकडचा. ती म्हणाली, "निवडून येनारा हाये न? आमदार तं होईन न तो? मंग कोनाचाबी असो. सांगाले काय जाते?" कुंदा गेली तेव्हापासून तिनं नवऱ्याजवळ मागितलेली ही एकच गोष्ट. मोठेबाबांनी तिच्याकडं बघितलं, मग पोरांना म्हणाले, "येतो."

दुसऱ्या दिवशी मी आणि ते धुऱ्यांवरून नाल्यापर्यंत चालत गेलो. प्रचाराची गाडी नाल्याच्या पलीकडं उभी होती. अलीकडं येत नाही, परमिट त्यांच्याच मतदारसंघाचं, असं ड्रायव्हर म्हणाला. सभेला मंडप होता, खुर्च्या होत्या, अर्ध्या रिकाम्या. मोठेबाबांना धरून वर चढवलं. ढोलकी नव्हती. त्यांनी माइक हातात घेतला. मग ते हसले. वीसेक वर्षांनी ते हसू मी ऐकलं आणि मागच्या बाजूनं, घराघरांतून, खळ्यांवरून माणसं यायला लागली. म्हाताऱ्या बाया एकमेकींना ओढत आणत होत्या. खुर्च्या भरल्या, लोक उभे राहिले. त्यांनी पूर्ण प्रवेश केला, एक शब्द न चुकता. माणसं वेड्यासारखी टाळ्या वाजवत होती. आणि गर्दी पुरेशी झाली हे बघून एका पोरानं अलगद त्यांच्या हातातला माइक काढून साहेबांच्या हातात दिला.

सभेनंतर साहेब स्वतः आले. चाळिशीच्या आतला, हसतमुख माणूस. वाकून पाया पडला. "आजोबा, कमाल केली तुम्ही. तुमच्या गावचं काही काम असेल तर संकोच न करता सांगा." मोठेबाबांनी घसा साफ केला. "चिचघाटले दवाखाना हाये, त्याले डॉक्टर..." एवढ्यात मागच्या माणसानं साहेबांच्या कानात काही सांगितलं. साहेबांचं हसू तसंच राहिलं. दोन्ही हात जोडून म्हणाले, "चिचघाट आपल्यात येत नाही हो, आजोबा. आपल्यात असतं तर उद्याच केलं असतं." आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी मोठेबाबांच्या खांद्यावर शाल घातली.

"बराबर हाये," मोठेबाबा म्हणाले. "मले घरी सोडून द्या."

गाडीनं नाल्यापाशी सोडलं आणि तिथूनच वळली. आम्ही चालत निघालो. ऊन उतरलं होतं. मोठेबाबा दर दोन-तीन बांध्यांमागं थांबत होते. मी शाल घ्यायला हात पुढं केला तर दिली नाही. मला काहीतरी बोलायचं होतं आणि मी बोलले ते असं, की किती माणसं जमली होती! ते म्हणाले, "मानसं आपल्याले नेहमीच जमली, मास्तरीन." 

मोठीआई दारातच उभी होती. तिनं आधी शालीकडं बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडं.

"सांगतलं काय?"

"सांगतलं."

"मंग काय म्हन्ला?"

"करतो म्हन्ला."

तिचा चेहरा असा उजळला, की मला तिच्याकडं बघवेना. पदरानं हात पुसत ती एक पाऊल पुढं आली.

"कधी?"

मोठेबाबा पाय धुवायला मागच्या अंगणात गेले, आणि मीही त्यांच्या मागं गेले.